वाटाड्याची अडत

आपल्या समाजातील अनेक घरांतील मुले आज अमेरिकेत स्थायिक झाली आहेत. त्यांच्याकडे जाऊन आलेले व्यापारी बंधू अ‍ॅरिझोना प्रांतातील अँटिलोप घळीचे वर्णन मोठ्या कौतुकाने करतात. वाळवंटातील तांबूस वालुकाश्म पुराच्या पाण्याने युगानुयुगे कापला जाऊन तेथे अरुंद, नागमोडी भेग पडली आहे. उन्हाळ्यात मध्यान्हीच्या सुमारास वरच्या फटीतून उन्हाचा झोत थेट तळाशी उतरतो. परंतु वर्णन संपते न संपते तोच तक्रार सुरू होते. निसर्गाने फुकट दिलेली वस्तू पाहावयास एवढे पैसे का मोजावे? स्वतःच्या पायांनी हिंडावयास वाटाड्याची सक्ती कशासाठी?

ही तक्रार आम्हांस मान्य नाही. घळ नॅव्हाहो या आदिवासी राष्ट्राच्या भूमीत आहे, आणि अधिकृत वाटाड्यावाचून आज तेथे कोणासही प्रवेश नाही. १२ ऑगस्ट १९९७ रोजी खालच्या घळीत अकस्मात पाण्याचा लोंढा आला व ११ प्रवासी प्राणास मुकले. घळीपाशी म्हणण्यासारखा पाऊस नव्हताच. तो कित्येक मैल दूर, वरच्या अंगास कोसळला होता. उतरण्याच्या लाकडी शिड्याही वाहून गेल्या. आता तेथे खडकात घट्ट बसविलेले लोखंडी जिने आहेत. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, मृतांपैकी काहींबरोबर प्रवासी कंपनीचा माणूस होता. लोंढ्यात सापडलेल्यांपैकी तो एकटाच वाचला. तेव्हा सोबतीस कोणीतरी असणे पुरेसे नाही. त्यास त्या जागेचे पाणी ठाऊक असावे लागते.

धान्याचा व्यापार करणाऱ्यास हे निराळे सांगावयास नको. पोत्याच्या तोंडाशी दाणा खडखडीत असतो व बुडाशी ओल असते. परगावच्या खरेदीदारास ती दिसत नाही. कोणत्या गावाकडे मळणीच्या वेळी पाऊस झाला, कोणाचे खळे भिजले, हे स्थानिक अडत्यास ठाऊक असते, आणि आपण अडत देतो ती या माहितीची. वाटाड्याचे मोलही तेच. पेढीवर अडत मागणाऱ्या माणसाने सहलीत ती देताना कुरकुर करावी, हे आम्हांस शोभणारे नव्हे.

(जाता जाता एक सूचना. लास वेगासहून एका दिवसात नेऊन आणणाऱ्या मोटारी आहेत, पण अंतर एका बाजूनेच चारशे किलोमीटरांहून अधिक आहे. चौविहार पाळणाऱ्यांनी पेज गावीच मुक्काम करावा.)

हा धोका केवळ वाळवंटातला आहे असेही नाही. जुलै २०२४ मध्ये आपल्या शेजारच्या सत्तरी तालुक्यात, पाली धबधब्यावर गेलेली पुष्कळ मंडळी पाणी एकाएकी वाढल्याने पलीकडे अडकली. सुदैवाने ती सुखरूप बाहेर काढली गेली. डिचोलीतील हरवळ्याचा धबधबाही पावसाळ्यात असाच फसवा. तेथे जवळच जांभ्या दगडात कोरलेली लेणी आहेत, त्यांस लोक पांडवांची म्हणतात. थोड्या अंतरावर कुडणे येथे भग्न चिरेबंदी जैन देवालय आहे. ज्यांनी ते उभारले ते आपलेच पूर्वज-धर्मबंधू; तरीही अँटिलोप पाहून आलेल्या किती घरांतील मुलांनी कुडणे पाहिले आहे? पाहिले असेल तर तेथे उभे राहून त्यांस कोणी काय सांगितले?

पेडणे व डिचोलीच्या सभासदांपुढे आमची सूचना स्पष्ट आहे. कुडणे व हरवळे येथील दोन-चार होतकरू तरुण निवडून, जाणत्या अभ्यासकांकडून त्यांस स्थळांची माहिती द्यावी. पुढील कौटुंबिक सहल त्यांच्याच सोबतीने काढावी, आणि ते पाण्याकडे जाऊ नका म्हणतील तेथे शेठजींनीही जाऊ नये. खर्चाच्या यादीत वाटाड्याचे मानधन पहिले लिहावे, न्याहारी त्यानंतर.