एका गायनयंत्राची परीक्षा

गेल्या आषाढांत आमच्या गिरगांवांतील बिऱ्हाडीं एक लहानसें यंत्र पंधरा दिवसांच्या मुक्कामास आलें. पुतण्याच्या एका स्नेह्यानें तें विकत घेतलें होतें, परगांवीं जातांना तो तें आमच्या स्वाधीन करून म्हणाला, "काका, पास कीं नापास तें तुम्हीच ठरवा." उभा जन्म उत्तरपत्रिका तपासण्यांत गेल्यामुळें परीक्षा म्हटली कीं आम्हांस अजूनहि हुरूप येतो. शिवाय हा प्रश्न आज पुष्कळ घरांतून निघतो. जुना अँप्लिफायर आहे, दोन चांगले स्पीकर आहेत, सीडींचें कपाट आहे. पण नवी सीडी आणावयाची कोठून? काळ्या घोड्याजवळचें ऱ्हिदम हाउस २०१६ सालीं बंद झालें आणि आमचा तरी तो रस्ता खुंटला. मुलें म्हणतात, स्ट्रीमर घ्या. घ्यावा काय?

प्रथम हें यंत्र करतें काय, तें सांगितलें पाहिजे. आकारानें तें पानाच्या डब्याएवढें. त्याला स्वतःचा गळा नाहीं. घरांतील वायफायवरून किंवा तारेनें तें गाणें आंकड्यांच्या रूपानें आणतें, त्या आंकड्यांचा पुन्हां विद्युत्प्रवाह बनवितें आणि तो आपल्या जुन्या अँप्लिफायरच्या हवालीं करतें. पुढचें काम अँप्लिफायर व स्पीकर पूर्वींप्रमाणेंच करतात. म्हणजे नवा गवयी ठेवावयाचा नसून गवयास घरीं घेऊन येणारा एक विश्वासू माणूस ठेवावयाचा, एवढेंच.

हें काम आमच्याकडे आतांपर्यंत पुतण्याचा मोबाइल ब्लूटूथनें करीत असे, आणि त्या काळांतील हाल काय वर्णावे! सकाळीं आठाला तो कचेरीस निघाला कीं त्याच्याबरोबर तोडीहि जिना उतरूं लागे. पहिल्या वळणावर ती अडखळे आणि दुसऱ्या मजल्यावर तिचा कंठ बसे. कधीं ऐन समेच्या तोंडावर कोणी कर्ज देऊं इच्छिणारी बाई फोनवर येई. स्ट्रीमरच्या बाबतींत मोबाइलनें फक्त हुकूम द्यावयाचा असतो. गाणें यंत्र आपलें आपण आणतें, हुकूम देणारा खुशाल विरारला जावो. मात्र येथें एक मेख आहे. एअरप्लेसारख्या सोयींत गाणें मोबाइलमधूनच पुढें जातें, म्हणजे जिन्यावरचा जुनाच प्रसंग पुन्हां उभा राहतो. क्रोमकास्ट किंवा स्पॉटिफाय कनेक्ट यांसारख्या सोयींत यंत्र स्वतः गाणें ओढून घेतें. विकत घेतेवेळीं दुकानदारास हा एक प्रश्न अवश्य विचारावा. आम्हीं लॅमिंग्टन रस्त्यावर तो दोघांस विचारिला. एकानें उत्तर दिलें, दुसऱ्यानें रंग दाखविले.

आतां आवाजाची परीक्षा. सीडीवर दोन्ही बाजूंच्या नादाचीं सेकंदास ४४,१०० मापें घेतलेलीं असतात व प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकीं एका पायरीवर बसविलेलें असतें. अशा एक तासाच्या गाण्यास सुमारें ६३५ मेगाबाइट जागा लागते. फ्लॅक नांवाच्या पद्धतीनें त्याची घडी घातली तर जागा बहुधा निम्म्याच्या आसपास येते, आणि घडी उलगडतांच पैठणीचा धागाहि इकडचा तिकडे झालेला नसतो. एमपी३ पद्धतींत कानास बहुधा जाणवणार नाहीं असा भाग कापून टाकतात. तो मग परत मिळत नाहीं. मल्लिकार्जुन मन्सूर यांची एक सीडी आम्हीं फ्लॅकमध्यें उतरवून घेतली व तीच तीन वाटांनीं वाजविली: जुन्या सीडी प्लेअरवर, स्ट्रीमरवर आणि मोबाइलच्या ब्लूटूथवर. सूनबाई कपाटाआड उभी राहून वाट बदली. आम्ही, वहिनी व पुतण्या डोळे मिटून तानपुऱ्याच्या जवारीकडे कान देऊन बसलों. तिन्ही वाटांचा आवाज आधीं सारख्या मोठेपणाचा करून घेतला होता, कारण जो किंचित् मोठा तोच गोड वाटतो, ही कानाची जुनी लबाडी आहे.

निकाल असा कीं, सीडी प्लेअर व स्ट्रीमर यांत आम्हां तिघांसहि भेद सांगतां आला नाहीं. ब्लूटूथ वहिनींनीं सातांपैकीं पांच वेळां ओळखिलें. पुतण्यास व आम्हांस तेंहि साधलें नाहीं. सातांपैकीं पांच म्हणजे कांहीं सिद्धांत नव्हे. नाणें उडवूनहि एखादे दिवशीं असा निकाल लागतो. परंतु एवढें खचित म्हणतां येईल कीं आमच्यासारख्या घरीं, आमच्यासारख्या कानांसाठीं, आवाजाच्या नांवावर दोनतीन लाखांचा स्ट्रीमर घेण्याचें कारण नाहीं. पैसे असतील तर ते स्पीकरवर खर्चावे.

खरी परीक्षा पुढेंच होती. विलंबितांतून द्रुतांत जातांना ध्वनिमुद्रणाचे पुष्कळदां दोन भाग पाडलेले असतात. तानपुरा मात्र अखंड चालूच असतो. यंत्रानें त्या सांध्यावर अर्धा सेकंद जरी श्वास घेतला तरी सारा राग कानाखालीं मारल्यासारखा दचकतो. पाठशाळेंत आम्ही संहितापाठ व पदपाठ असे दोन्ही शिकलों. पदें सुटीं करून म्हणणें अभ्यासाला ठीक; पण यज्ञांत कोणी पदपाठ म्हणूं लागला तर काय होईल? ह्या यंत्रानें घरच्या डिस्कवरील गाणें सलग संहितेनें म्हटलें. मोबाइलवरून ढकललेलें तेंच गाणें मात्र दोनदां तोडलें. पूर्वींच्या ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीस ही अडचण नव्हती. तींत सारें गाणें तीनसव्वातीन मिनिटांत आटोपावें लागे आणि अब्दुल करीम खांसाहेबांसारखे गवई तेवढ्यांतच रागाचें सर्व अंग दाखवीत.

नांवांच्या बाबतींत तर यंत्रास व त्याला गाणें पुरविणाऱ्या कंपन्यांस आम्हीं उघड उघड नापास केलें. मालकंस एका ठिकाणीं एका रोमन लेखनानें, दुसऱ्या ठिकाणीं दुसऱ्या. एक शोधला तर दुसरा सांपडत नाहीं. तबल्यावर कोण, संवादिनीवर कोण, ह्याचा पत्ताच नाहीं. जुन्या एलपीच्या पाठीवर साथीदारांचीं नांवें छापलेलीं असत. आम्हीं आमच्या डिस्कवर नांवें देवनागरींत लिहिलीं, तर ह्या यंत्रानें आपल्या इवल्याशा पडद्यावर ओळीनें चौकोन काढून दाखविले. शुद्धलेखनाचे गुण शून्य.

एक भीति आणखी. अशा यंत्राचा अर्धा जीव दूरच्या कुठल्यातरी कंपनीच्या संगणकांत असतो. लॉजिटेक कंपनीचा स्क्वीझबॉक्स हा ह्या जातीचा एक नांवाजलेला पूर्वज. त्याचें उत्पादन २०१२ सालीं थांबलें आणि त्याची इंटरनेटवरील सेवा कंपनीनें २०२४ सालीं बंद केली. ज्यांनीं घरच्या संगणकावर त्याचा मोफत सर्व्हर चालविला होता त्यांचीं यंत्रें त्यानंतरहि गात राहिलीं. ह्यावरून आम्हांस आठवतें तें केसरबाई केरकरांच्या भैरवीचें. १९७७ सालीं व्हॉयेजर यानांबरोबर जी सुवर्णतबकडी अमेरिकेनें आकाशांत धाडली, तींत ही भैरवी आहे. आणि तबकडीबरोबर सुई, पिकअप व ती कशी वाजवावी ह्याचीं चित्रेंहि दिलीं आहेत. कोणा परग्रहवासीयास खातें उघडावें लागणार नाहीं कीं वर्गणी भरावी लागणार नाहीं. यंत्र विकणाऱ्यांनीं एवढा विचार गिरगांवच्या रहिवाशांसाठींहि करावयास हरकत नव्हती.

म्हणून आमची मुख्य अट अशी ठरली कीं इंटरनेट बंद असतां यंत्रानें घरच्या डिस्कवरील गाणें वाजविलें पाहिजे. ही अट केवळ तत्त्वाची नव्हती. आमचे थोरले बंधू, ज्यांना सारें घर दादा म्हणे, शनिवारीं रात्रीं आकाशवाणीच्या राष्ट्रीय संगीत कार्यक्रमाचें कॅसेटवर मुद्रण करीत. अशा साठएक कॅसेटी त्यांच्या मागें राहिल्या. फिती एकमेकींस चिकटूं लागल्या तेव्हां पुतण्यानें गेल्या वर्षीं त्या एकेक करून संगणकांत उतरविल्या. प्रत्येक कॅसेटीच्या आरंभीं दादांचा आवाज आहे: तारीख, राग, गायकाचें नांव आणि शेवटीं "आतां कोणी बोलूं नये." लाखो गाणीं पुरविणाऱ्या कोणत्याहि कंपनीपाशीं हें नाहीं.

पंधरवड्याच्या शेवटीं आम्हीं तें वहिनींस ऐकविलें. त्या भाजी निवडीत होत्या. आवाज ऐकून त्यांचा हात थांबला. गाणें सुरू झाल्यावर त्या पुन्हां निवडूं लागल्या. दुसऱ्या दिवशीं दुपारीं, घरांत कोणी तरुण माणूस नसतां, त्या आम्हांस म्हणाल्या, "भाऊजी, कालचें तें लावतां?" आणि आम्हांस लावतां आलें नाहीं. यंत्राला बटण म्हणून नव्हतेंच. सारा कारभार मोबाइलवर, आणि मोबाइल पुतण्याबरोबर कचेरींत. रेडिओची कळ ज्या बाईनें चाळीस वर्षें स्वतः फिरविली, तिला आपल्याच नवऱ्याचा आवाज ऐकावयास संध्याकाळपर्यंत थांबावें लागलें.

त्या स्नेह्याचें यंत्र आम्हीं आभारपूर्वक परत केलें. शेरा लिहून दिला: आवाज उत्तम, वर्तणूक असमाधानकारक. पुढें पुतण्यानें दुसरें, थोडें महाग, पण हातांत धरावयाचा रिमोट व त्यावर ठराविक गाण्यांचीं चार बटणें असलेलें यंत्र आणलें. पहिल्या बटणावर आकाशवाणीची रागम् वाहिनी, जी २०१६ च्या प्रजासत्ताकदिनीं सुरू झाली; दुसऱ्यावर दादांच्या कॅसेटी; तिसरें नातवंडांचें, त्याविषयीं आम्ही कांहीं लिहीत नाहीं. चौथें अजून रिकामें आहे. अक्षरें बारीक म्हणून सूनबाईनें दुसऱ्या बटणावर नखांना लावावयाच्या तांबड्या रंगाचा ठिपका दिला आहे. तो महिन्याभरांत झिजतो. मग वहिनी रिमोट घेऊन तिच्यापुढें येऊन उभ्या राहतात.