पेनड्राइव्ह भरला, म्हणून तबकड्या भंगारात?



या आठवड्यात गोंदियातल्या एका कबाड्याकडे नाट्यपदं, भजनं, सिनेमाच्या गाण्यांच्या रेकॉर्डांचा ढीग पाहिला. विचारलं तर म्हणाला, "घरच्यांनी सगळं पेनड्राइव्हमध्ये भरलं, मग हे ठेवून काय करतील?" नातेवाइकांकडूनही हेच ऐकतो आणि दर वेळी डोकं तापतं.

नक्कल निघाली की अस्सल फेकायचं, हा न्याय आपण दुसरीकडे कुठे लावतो? सातबारा ऑनलाइन झाला म्हणून रेकॉर्ड रूममधली दप्तरं कुणी किलोवर विकली नाहीत. 2023 मध्ये मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधायची वेळ आली, तेव्हा मोडी वाचणारे बसवून तेच जुने कागद चाळावे लागले. जमिनीच्या बाबतीत असलेलं हे शहाणपण गाण्याच्या बाबतीत कुठे जातं?

शिवाय पेनड्राइव्हमध्ये भरलंय तरी काय? एमपी3 करताना आवाजातला जो भाग गाळला, तो परत येत नाही. खरखर काढण्याच्या नादात आवाजही सोलून निघतो. सुरुवातीच्या काळात तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात. तिथल्या लोकांना ओळख पटावी म्हणून गायिका गाण्याच्या शेवटी स्वतःचं नाव सांगत. 'हे काही गाणं नाही' म्हणून उत्साही मंडळी नेमकं तेच कापतात. लेबलावरची माहिती, मॅट्रिक्स क्रमांक, एलपीच्या वेष्टनावरची साथीदारांची नावं, सगळं गेलं. उरलं 'ट्रॅक 07'.

ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं सांगणं स्पष्ट आहे: नक्कल केल्यावरही मूळ वस्तू शक्यतो जपा, कारण उद्याचं यंत्र तिच्यातून आजच्यापेक्षा अधिक काढील. 1860 साली फ्रान्समध्ये काजळी लावलेल्या कागदावर उमटवलेला आवाज 2008 साली पहिल्यांदा ऐकता आला. तो कागद कुणी रद्दीत घातला असता तर?

आणि तबकड्या भंगारात जाणं हे आपल्या जिल्ह्यात व्हावं! 78 आरपीएमच्या जुन्या रेकॉर्डी लाखेपासून बनत, आणि आपल्या जंगलात पळस-कुसुमावर लाख पिकते. कोलकात्यात सियालदहला 1908 मध्ये रेकॉर्डींचा कारखाना निघाला. त्या काळच्या तबकड्या नीट जपल्या असतील तर आजही वाजतात. तुमचा पेनड्राइव्ह नातवापर्यंत टिकेल याची हमी कोण देतं? एलपी तापवून वाडगे आणि भिंतीवरची घड्याळं करणाऱ्यांबद्दल तर न बोललेलंच बरं.

हाच रोग वाचनालयांनाही जडलाय. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेला जागा हवी म्हणून जुने दिवाळी अंक पोत्यात भरून जाताना मी पाहिले आहेत. अभ्यासिका हवीच, पण त्यासाठी नेमकं तेच कपाट का रिकामं होतं?

मागणी साधी आहे. जिल्हा ग्रंथालयाने एक बंद कपाट द्यावं, रेकॉर्डी आडव्या न रचता उभ्या ठेवाव्यात आणि लेबल व क्रमांकानिशी यादी करावी. ते होईपर्यंत घरोघरच्या मंडळींनी कबाड्याला हाक मारण्याआधी मुंबईच्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सकडे विचारणा करावी. गाणी पेनड्राइव्हवर खुशाल ऐका, पण मूळ तबकडी विकायचा अधिकार त्याने मिळतो असं समजू नका.

— एक वाचक, आमगाव (जि. गोंदिया)