साथीला व्हायोलिन



बॉब डिलनचं नाव आपल्या मुलांना नि नातवंडांनाही ठाऊक आहे. १९४१ साली अमेरिकेत एका ज्यू घरात जन्मलेला हा रॉबर्ट झिमरमन. २०१६ साली त्याला साहित्याचं नोबेल मिळालं. पण या खेपेला आम्ही त्याच्याबद्दल नाही, त्याच्या साथीला उभ्या राहिलेल्या बाईबद्दल लिहिणार आहोत. तिचं नाव स्कार्लेट रिव्हेरा.

१९७५ चा उन्हाळा होता. न्यूयॉर्कच्या रस्त्यानं ही मुलगी व्हायोलिनची केस हातात घेऊन चालली होती. डिलन मोटारीतून जात होता. त्यानं गाडी थांबवून चौकशी केली आणि तिला थेट तालमीला नेलं. ना ओळख, ना शिफारस! तो नवी गाणी म्हणत गेला आणि ती ऐकत ऐकत मागून वाजवत गेली.

जुलैमध्ये 'डिझायर' या तबकडीचं रेकॉर्डिंग झालं. २८ तारखेला स्टुडिओत वीसेक वादक जमले होते, एरिक क्लॅप्टनसारखा मोठा गिटारवालाही होता. एवढ्या गर्दीत काम काही जमेना. मग माणसं कमी केली. ३० तारखेला मोजकेच वादक राहिले, त्यांत रिव्हेराचं व्हायोलिन होतं. बरीचशी तबकडी त्या एका रात्रीत झाली! जानेवारी १९७६ मध्ये ती बाजारात आली आणि अमेरिकेत पाच आठवडे पहिल्या नंबरावर राहिली.

त्याआधीच, ३० ऑक्टोबर १९७५ ला, मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथ गावातून 'रोलिंग थंडर रेव्ह्यू' हा दौरा सुरू झाला होता. जोन बाएझसारखी मंडळी सोबत होती. ८ डिसेंबरला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मोठा कार्यक्रम झाला, तो तुरुंगात असलेल्या रुबिन कार्टर या मुष्टियोद्ध्याच्या मदतीसाठी. त्याच्यावरचं 'हरिकेन' हे गाणं ऐका. गायक श्वास घेतो त्या फटीत व्हायोलिन बोलतं, शब्द आले की मागं सरतं. कार्टरला न्याय मिळायला १९८५ साल उजाडलं.

साथ करणं म्हणजे कमी दर्जाचं काम, असं काहींना वाटतं. आम्हा नर्स लोकांना ते पटायचं नाही. ऑपरेशनच्या टेबलाशी सर्जननं हात पुढे करायच्या आत हत्यार त्याच्या हातात पडायला हवं. मागितल्यावर दिलं तर उशीर झाला! रिव्हेराचंही तसंच. डिलन एकच गाणं आज संथ तर उद्या जोरात म्हणायचा, तिला त्याच्याकडे बघून पकडावं लागे.

दौरा मे १९७६ मध्ये संपला. पुढं १९७७ आणि १९७८ साली तिच्या स्वतःच्या नावानं तबकड्या निघाल्या. तरी लोक तिला ओळखतात ते डिलनच्या बाजूला उभी राहिलेली बाई म्हणूनच. पण ते व्हायोलिन काढून 'हरिकेन' ऐकायचं म्हटलं तर काय उरेल?

आता आपल्याकडचं बघा. कीर्तन असो की गाण्याचा कार्यक्रम, गाणाऱ्याला हार नि शाल, आणि पेटीवाल्या-तबलेवाल्याला नुसता चहा! पत्रिकेत त्यांचं नावही नसतं. कार्यक्रम करणाऱ्या मंडळींना आमची एवढीच विनंती : सणाच्या पुढच्या पत्रिकेत साथीदारांची नावं गायकाच्या नावाखाली, त्याच मोठ्या अक्षरांत छापा. शाई काही जास्त लागत नाही.