हलगीला पासपोर्ट कोण देणार?



१४ एप्रिलला जयसिंगपुरात मिरवणूक निघते तेव्हा डॉल्बीचा आवाज कानाआधी छातीत शिरतो. काचा थरथरतात, म्हातारी माणसे दार लावून घेतात आणि आपली पोरे बेभान नाचतात. छातीत शिरणारा तो आवाज म्हणजे बास. गेल्या जयंतीला आमच्या वस्तीतल्या, बेंजो पार्टीत वाजवणाऱ्या एका पोराने मला विचारले, "दादा, नुसती बास गिटार वाजवून कुणी परदेशात जाऊ शकतो का?" शेजारचे हसले. मला मात्र हसता आले नाही. उत्तर 'हो' असे आहे. पण मग आपली पोरे का जात नाहीत, हा प्रश्न त्याच्या मागोमाग येतो.

आधी 'हो' का, ते सांगतो. बास गिटार म्हणजे जाड तारांची, खर्जातली गिटार. तिच्या जोरावर उभा असलेला फंक हा संगीतप्रकार १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या काळ्या माणसांनी घडवला. ओकलंड शहरात वाढलेला लॅरी ग्रॅहम आईच्या बँडमध्ये वाजवायचा. बँडमध्ये ड्रमवाला उरला नाही, तेव्हा त्याने अंगठ्याने तार ठोकून आणि बोटाने तार ओढून सोडून ड्रमची उणीव भरून काढली. अडचणीतून निघालेली ही 'स्लॅप' पद्धत आज जगभरचे बासिस्ट शिकतात. त्याच ओकलंडमध्ये १९६६ साली ब्लॅक पँथर पार्टी स्थापन झाली आणि तिच्यापासून प्रेरणा घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. म्हणजे या संगीताचा मुलूख आपल्याला परका नाही.

दुसरा बूट्सी कॉलिन्स. जन्म १९५१, सिनसिनाटी. चांगला बास घ्यायला पैसे नव्हते, म्हणून स्वस्तातल्या गिटारला बासच्या तारा लावून तो शिकला. १९७० साली जेम्स ब्राऊन या मोठ्या गायकाच्या वादकांनी मानधनासाठी बंड केले. ब्राऊनने त्यांच्या जागी रातोरात बूट्सी आणि त्याच्या भावाच्या पोरसवदा बँडला उभे केले. बूट्सी त्याच वर्षी ब्राऊनबरोबर आफ्रिकेत नायजेरियापर्यंत वाजवून आला. पण चूक झाली की दंड कापणारा मालक त्याला फार काळ मानवला नाही. वर्षभरात तो बाहेर पडला, जॉर्ज क्लिंटनच्या मंडळीत गेला आणि पुढे १९७६ साली स्वतःचा बँड घेऊन जगासमोर आला. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. ज्या बंडामुळे त्याला संधी मिळाली ते मजुरीचे बंड होते. कला मोठी होते तेव्हाही पैशाचा प्रश्न संपत नाही.

आता आपल्या मुंबईतले उदाहरण. १९९६ साली जन्मलेली मोहिनी डे ही बंगाली कुटुंबातली मुलगी. तिचे वडील स्वतः बासिस्ट. त्यांनी तिला अगदी लहानपणी हातात बास देऊन शिकवायला सुरुवात केली. फंक, जॅझ आणि आपल्याकडचे तालाचे बोल यांचा मेळ घालत ती शाळकरी वयातच व्यावसायिक वादक झाली. ए. आर. रहमान, झाकीर हुसेन यांच्याबरोबर वाजवून पुढे स्टीव्ह वायसारख्या अमेरिकन गिटारवादकापर्यंत पोचली आणि देशोदेशी दौरे करू लागली. २०२३ साली तिचा स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम आला. तिच्या मेहनतीबद्दल शंका घेण्याचे कारण नाही.

पण बापाकडून घरातच वाजवायला शिकलेली लेकरे आपल्याकडे काय कमी आहेत? शिरोळ, हातकणंगले, मिरज या पट्ट्यातल्या कुठल्याही कुस्तीच्या मैदानात जा. हलगी कडाडते आणि तिच्याखाली घुमकं खर्ज धरून असते. हे घुमकं म्हणजेच आपला बास. ते वाजवणारा मातंग, होलार किंवा महार समाजातला पोरगा चालायला लागल्यापासून ताल ऐकत असतो. मग एकीच्या वाट्याला जगाचे मंच आणि दुसऱ्याच्या वाट्याला लग्नसराईतली सुपारी का?

ज्यांना याचे उत्तर 'गुणवत्ता' असे द्यायचे असेल त्यांनी जरा थांबावे. एका घरातला वारसा मुलाला स्टुडिओच्या दारापर्यंत नेतो. दुसऱ्या घरातला वारसा वरातीच्या पुढे चालवतो आणि जेवायच्या वेळी पंगतीबाहेर ठेवतो. पहिल्याला आपण कलाकार म्हणतो, दुसऱ्याला वाजंत्री. जात कामाची नाही, काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी करते आणि त्यांना एकावर एक रचते, हे बाबासाहेबांनी दाखवून दिले. तीच उतरंड वाद्यांतही आहे. तारेचे वाद्य दिवाणखान्यात आणि कातड्याची हलगी वेशीबाहेर.

यावर आपल्यातलेच काही कार्यकर्ते म्हणतील, "बाबासाहेबांनी गावकीची कामे सोडायला सांगितली. तुम्ही पुन्हा हलगी हातात घ्यायला सांगता?" हा आक्षेप गंभीर आहे. गावकीच्या जोखडाखाली वाजवायला नकार देणाऱ्यांनी मार आणि बहिष्कार सोसलेला आहे. त्यांच्या नकाराला माझा सलाम. पण बाबासाहेबांनी सोडायला सांगितली ती लाचारी. कौशल्य टाकून द्या, असे त्यांनी सांगितले नाही. तसे असते तर भीमराव कर्डकांचे जलसे चळवळीचा संदेश गावोगाव घेऊन गेले नसते. वाजवायला भाग पाडणे ही वेठ आहे. घटनेच्या कलम २३ ने तिच्यावर बंदी आहे आणि ॲट्रॉसिटी कायद्यात तो गुन्हा आहे. स्वतःच्या मर्जीने, स्वतः ठरवलेल्या मोलाने वाजवणे हा हक्क आहे. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

काळ्या माणसांनी हाच फरक ओळखला. १७३९ साली अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनात गुलामांनी ढोल वाजवत उठाव केला. मालक इतके घाबरले की पुढच्याच वर्षी कायदा करून गुलामांच्या ढोलांवर बंदी घातली. ढोल हिरावले गेले तरी ताल मेला नाही. टाळ्यांत, पायांत आणि गाण्यांत तो जगला. तमिळनाडूत परई हे अंत्ययात्रेत वाजवायला लावले जाणारे 'हलके' वाद्य होते. २०१८ च्या जानेवारीत 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' हा बँड, ज्याच्या उभारणीत पा. रंजित होते, चेन्नईच्या मंचावर आला आणि गाना, रॅप, गिटार यांच्या जोडीला जातीविरोधी गाणी घेऊन आला. अपमानाची खूण त्यांनी अभिमानाची केली.

आपल्याकडेही वाट दाखवणारा आहे. सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे जेमतेम शाळा पाहिलेले. शाहिरी आणि लेखणीच्या बळावर ते १९६१ साली रशियाला जाऊन आले. विद्यापीठाचा कागद नसताना कलेने त्यांना देशाबाहेर नेले.

ज्या शाहू महाराजांनी हे गाव वसवून त्याला वडिलांचे, जयसिंगरावांचे नाव दिले, त्यांनीच अल्लादिया खाँसाहेबांना दरबारी आश्रय दिला आणि १९१८ साली महार वतन रद्द केले. कलेला आधार आणि गुलामीला नकार, या दोन्ही गोष्टी एकाच राजाच्या राज्यात झाल्या. मग आपल्याला त्या एकत्र का जमू नयेत?

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे :

१. जयंतीच्या वर्गणीतून एका रात्रीच्या डॉल्बीवर जेवढा खर्च होतो, त्यातला निम्मा वस्तीत वर्षभर चालणाऱ्या संगीत वर्गाला द्या. हलगी, घुमकं, कीबोर्ड आणि बास गिटार एकाच खोलीत शिकवा. मुलींना पहिल्या दिवसापासून बसवा.

२. सुपारी लेखी घ्या. किती तास, किती पैसे, जेवण कुठे, सगळे कागदावर. नोटा उधळून घेणे बंद.

३. मुलांना इंग्रजी, करार वाचणे आणि स्वतःचे वादन रेकॉर्ड करणे शिकवा. वादकालाही कायद्याने हक्क आहेत, हे त्यांना कळू द्या.

४. आधी पासपोर्ट काढून ठेवा. बोलावणे आल्यावर धावपळ करण्यात अर्थ नाही.

त्या पोराला मी एवढेच सांगितले, "जाता येते. पण एकट्याच्या बोटांवर नाही. मागे समाज उभा राहावा लागतो." तो म्हणाला, "मग राहा की उभे." आता या वर्षीच्या जयंतीची वर्गणी गोळा होईल तेव्हा प्रत्येक मंडळाने त्याला उत्तर द्यायचे आहे.

जय भीम!