काम काय करतोस, हे आधी विचार!

शिकाऊ डॉक्टर,

ओपीडीत तू मला अरेतुरे करतोस, म्हणून मीही करतो.

तू इस्पितळात काय शिकायला येतोस ते आम्हाला ठाऊक आहे. टाके घालायला, बाळंतपण करायला, शीर शोधायला, एक्स-रे वाचायला. जरूर शीक. पण तुझा हात बसतो तो आमच्या अंगावर. बंगलेवाला नवशिक्याला जवळ येऊ देत नाही. नाहूर-भांडुपच्या झोपडीतला येऊ देतो, कारण त्याला दुसरा दरवाजा नाही. म्हंजे तुझ्या शिक्षणाची फी आम्ही रक्तानं भरतो. मग तू काय शिकून बाहेर पडायचंस, हे आम्ही सांगणार.

मी गोदीत कंत्राटावर आहे. जहाजाच्या पोटात सुट्टा माल उपसताना भुकटी नाकातोंडात जाते. खोकला हटेना म्हणून एका इस्पितळात केसपेपर काढला. तीन तास रांग. शिकाऊ डॉक्टरनं मान वर न करता विचारलं, किती दिवस? बिडी ओढतोस? दारू? नाही बोललो तर हसला. काम काय करतोस, हे विचारलंच नाही. औषधाची बाटली दिली. भुकटी छातीत तशीच राहिली.

त्याच्या मागं रांग होती, डोक्यावर वरचा डॉक्टर होता, मान्य. पण या प्रश्नाला एक श्वास पुरतो.

हा प्रश्न आला कुठून, ऐक. इटलीत मोडेना शहरात बर्नार्डिनो रामाझिनी नावाचा डॉक्टर होता. त्याच्या घरचा संडासाचा खड्डा उपसायला एक माणूस आला. त्याची जीवघेणी घाई बघून डॉक्टरनं कारण विचारलं. चार तासांच्या वर इथं राहिलं तर डोळे जातात, तो बोलला. रामाझिनीनं 1700 साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि डॉक्टरांना बजावलं: रोग्याला त्याचा धंदा विचारा. म्हंजे या विद्येचा पहिला मास्तर मैला उपसणारा! आणि आमच्या देशात 2013 चा कायदा असूनही माणूस गटारात उतरतो, मरतो.

आमच्या शेजारचं मुलुंडचं डम्पिंग 2018 साली बंद झालं. तिथं कचरा वेचून जगलेल्या बायांचा खोकला हुकमानं बंद होत नाही. त्यांना कोण विचारणार?

इस्पितळाला प्रश्न विचारता येत नाहीत असं नाही. आमची पोरं तिथं शिकायला गेली की त्यांना बरोबर विचारतात, कुठल्या कोट्यातला? 22 मे 2019 ला नायर इस्पितळात शिकणारी आदिवासी घरची डॉ. पायल तडवी गेली. जातीवरून छळ झाल्याचा आरोप झाला, खटला उभा राहिला. जात विचारायला वेळ आहे, काम विचारायला नाही!

इंटर्नशिपच्या 12 महिन्यांत वस्तीच्या आरोग्याचे आठवडे कागदावर आहेत. ते सही मारून उरकू नकोस. गटाराच्या तोंडाशी, गोदीच्या फाटकाशी उभा राहा. उद्या फॅमिली डॉक्टरची पाटी लावशील. आमचं घरही फॅमिलीच आहे.

पहिल्या दिवशी केसपेपरवर नावाखाली रोग्याचं काम लिही. स्टेथोस्कोप नंतर लाव.

जय भीम!