आधी विस्तव आवरा

ग्वाल्हेरच्या एका वयोवृद्ध वाचकांचे पत्र आमच्यापुढे आहे. त्यांचा नातू अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकतो. शिष्यवृत्तीतून आणि वाढदिवसाला मिळालेल्या पैशांतून साठवण करून त्याने खेळांसाठी एक छोटेखानी संगणक स्वतःच्या हाताने जुळविला. पेटी दहा लिटरची, म्हणजे तेलाच्या पंधरा किलोच्या डब्यापेक्षाही लहान. घर तीन खोल्यांचे, माणसे सहा. रात्री खेळ सुरू झाला की पेटीतला पंखा असा काही घोंघावतो, की शेजारच्या खोलीत आजींचा डोळा लागत नाही. नातू म्हणतो, आणखी पैसे घालून पाण्यावर चालणारी शीतक यंत्रणा आणू. मुलाचे वडील म्हणतात, यंत्र विकून टाका. आजोबा विचारतात : हे यंत्र पेट तर घेणार नाही ना? पंख्याचा आवाज कमी होईल का? आणि नवा खर्च करावा की करू नये?

प्रश्न तिन्ही रास्त आहेत. असे यंत्र आता अनेक मराठी घरांतून आले असल्याने उत्तर जरा विस्ताराने देतो.

पहिली गोष्ट ध्यानी घ्यावी ती ही, की पंखा उष्णता नाहीशी करीत नाही. तो ती केवळ एका जागेवरून दुसऱ्या जागी नेतो. प्रोसेसरने जितके वॅट वीज घेतली, तितक्या वॅटची उष्णता होते. ती धातूच्या पंखांच्या हीटसिंकमध्ये जाते, तेथून हवेत आणि हवेबरोबर खोलीत. पाण्याची यंत्रणा बसविली तरी हाच प्रवास. पाणी उष्णता उचलून जाळीपर्यंत नेते, आणि त्या जाळीवर पुन्हा पंखाच असतो. वर पंपाची गुणगुण निराळी. खोलीत येणाऱ्या उष्णतेत एका वॅटचीही घट होत नाही.

ही उष्णता किती? पत्रासोबत नातवाने यंत्राचा तपशील दिला आहे. प्रोसेसर एएमडी कंपनीचा रायझन ७ ७७००एक्स, जो सप्टेंबर २०२२ मध्ये बाजारात आला. ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ४०७०, हे एप्रिल २०२३ चे. कार्डाची मर्यादा २०० वॅट. प्रोसेसरच्या खोक्यावर १०५ वॅट छापलेले असले, तरी प्रत्यक्षात त्याला १४२ वॅटपर्यंत वीज घेण्याची मुभा असते. खेळताना प्रोसेसर इतका क्वचितच खातो. तथापि दोन्ही मिळून ३०० वॅट धरले तर अतिशयोक्ती होणार नाही. शंभर वॅटचे तीन जुने दिवे तेलाच्या डब्याहून लहान पेटीत पेटवून ठेवावेत, तसे हे झाले. ही उष्णता बाहेर काढताना हवा दहा अंशांपेक्षा अधिक तापू द्यायची नसेल, तर सेकंदाला सुमारे पंचवीस लिटर हवा पेटीतून जावी लागते. म्हणजे दर सेकंदाला पेटी अडीच वेळा रिकामी होऊन पुन्हा भरली पाहिजे. आवाजाचे मूळ येथे आहे.

आता आजोबांच्या पहिल्या प्रश्नाकडे वळू. प्रोसेसरवर ९५ अंश सेल्सियस हा आकडा दिसताच घरच्या मंडळींच्या पोटात गोळा येतो. परंतु या जातीच्या प्रोसेसरची ती ठरवून दिलेली मर्यादा आहे, आणि तेथपर्यंत चालणे हे त्याच्या रचनेत गृहीत धरले आहे, असे कंपनीने तो बाजारात आणतानाच स्पष्ट केले होते. मर्यादा आली की प्रोसेसर आपण होऊन वेग आवरतो. तेवढ्यानेही भागले नाही तर यंत्र बंद पडते. प्रोसेसर तापून घर पेटेल ही भीती, म्हणून, मनातून काढून टाकावी. वीजजोडणी सैल नसावी, अर्थिंग चांगले असावे, एकाच प्लगाला इस्त्री व संगणक जोडू नये, ही दक्षता मात्र प्रत्येक विजेच्या उपकरणाला लागू आहे.

परंतु याच रचनेतून दुसरा एक पेच उद्भवतो, आणि बहुतेक तरुणांचे पैसे तेथेच वाया जातात. हा प्रोसेसर काम पडले की वेग वाढवीत जातो, आणि विजेची किंवा उष्णतेची मर्यादा लागली म्हणजेच थांबतो. त्याच्यावर थोडे मोठे शीतक बसविले, तर तो त्या सवलतीचा उपयोग थंड राहण्याकडे न करता अधिक वीज खाण्याकडे करतो. आकडा पुन्हा मर्यादेजवळच येतो, आणि त्या आकड्याकडे पाहून धावणारा पंखा पूर्वीसारखाच ओरडतो. पैसे गेले, वेग किंचित वाढला, आजींची झोप होती तेथेच राहिली.

साध्या अंकगणिताने हे पडताळता येते. हिशेबापुरते असे धरू, की छोट्या पेटीतले शीतक पूर्ण वेगाने फिरताना दर वॅटमागे अर्धा अंश तापमान चढू देते, आणि पेटीतली हवा खोलीइतकीच गार आहे. १४२ वॅटला ७१ अंश चढतील. माघातल्या ग्वाल्हेरात खोली २० अंशांवर असेल, तर प्रोसेसर ९१ वर राहील, कसेबसे निभावेल. ज्येष्ठात तीच खोली ४२ अंशांवर गेली, की बेरीज ११३ होते. ते शक्यच नाही. म्हणून प्रोसेसर ९५ वर अडतो, आणि १०६ वॅटच्या आसपास स्वतःच हात आखडता घेतो. पंखा मात्र शेवटच्या टोकाला फिरत राहतो. म्हणजे उन्हाळ्यात १४२ वॅटची मुभा नावापुरतीच उरते, तिचा आवाज तेवढा पूर्ण सोसावा लागतो.

आता याच प्रोसेसरला ८८ वॅटची मर्यादा घालून पाहू. ४४ अंश चढतील. हिवाळ्यात ६४, भर उन्हाळ्यात ८६. मर्यादेच्या आत नऊ अंश शिल्लक उरतात, आणि गार महिन्यांत पंखा निम्म्या वेगावर आणण्यास भरपूर वाव मिळतो. ही मर्यादा घालण्यास एक पैसाही लागत नाही. यंत्र सुरू होताना उघडणाऱ्या बायॉसमध्ये ‘इको मोड’ नावाची सोय असते, तिच्यात ६५ वॅटचा पर्याय निवडला की प्रत्यक्ष मर्यादा ८८ वॅटवर येते. चुलीतली दोन लाकडे मागे ओढली की धूर आपोआप कमी होतो. त्यासाठी धुराडे मोठे करावे लागत नाही.

तरुण वाचक येथे विचारतील, मग खेळाचा वेग गेला ना? फारसा जात नाही, आणि त्यालाही कारण आहे. प्रोसेसरची वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, आणि विद्युत्दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. शेवटचा थोडासा वेग मिळविण्यासाठी दाब बराच चढवावा लागतो, म्हणून तो वेग सर्वांत महाग पडतो. उलट, दाब एकदशांशाने उतरला, तर तेवढ्यानेच सुमारे १९ टक्के वीज वाचते. शिवाय बहुतेक खेळांत खरा भार ग्राफिक्स कार्डावर असतो. चित्रफितींवर तासन् तास प्रक्रिया करणाऱ्याला फरक जाणवेल. खेळणाऱ्याला बहुधा जाणवणार नाही.

विस्तव आवरण्याचा दुसरा उपाय याहून सोपा आहे. पडदा सेकंदाला साठ चित्रे दाखवीत असेल आणि यंत्र एकशेचाळीस तयार करीत असेल, तर वरची ऐंशी कोणाच्याही डोळ्यांपर्यंत पोहोचत नाहीत. त्यांची उष्णता मात्र खोलीत येते. खेळाच्या मांडणीत चित्रसंख्येला पडद्याइतकीच मर्यादा घालावी. कार्ड आणि प्रोसेसर दोघेही एकदम निवतात.

इतके झाल्यावर पंख्याकडे वळावे. पंख्याचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण आवाज सुमारे पंधरा डेसिबलने उतरतो. दहा डेसिबलची उतरण माणसाच्या कानाला साधारण निम्मी भासते, हे लक्षात घेतले म्हणजे हा सौदा किती फायद्याचा आहे ते कळेल. म्हणूनच मोठा आणि संथ पंखा हा लहान आणि वेगवान पंख्यापेक्षा केव्हाही सुखाचा. एकाच धाटणीचे दोन पंखे घेतले, तर ९२ मिलिमीटरचा पंखा मिनिटाला २,५०० फेऱ्यांत जितकी हवा हलवितो, तितकी १२० मिलिमीटरचा सुमारे १,१०० फेऱ्यांत हलवितो. पेटीत जागा असल्यास खर्च करावा तो येथे करावा. मात्र पेटीची आतली उंची आधी मोजून घ्यावी. कित्येक छोट्या पेट्यांत प्रोसेसरवर चार-पाच सेंटिमीटरच जागा असते.

एकसारखा आवाज माणूस विसरतो. वर-खाली होणारा विसरू शकत नाही. वर्गातही मुलांची एकसुरी पाठांतराची गुणगुण आम्हांस त्रास देत नाही, मधूनच उठलेली आरोळी देते. प्रोसेसरचे तापमान क्षणात दहा-पंधरा अंश चढते आणि क्षणात उतरते. पंखा प्रत्येक चढउतारामागे धावू लागला की ‘घूं-घूं’ असा हेलकावा सुरू होतो. बायॉसमध्ये तापमान आणि पंख्याचा वेग यांचे कोष्टक असते. त्यात साठ अंशांपर्यंत पंखा ३५ टक्क्यांवर स्थिर ठेवावा, ८५ अंशांना ६० टक्क्यांपर्यंत हळूहळू न्यावा आणि पूर्ण वेग ९० च्या पुढेच द्यावा. पंख्याने प्रतिसादापूर्वी काही सेकंद थांबावे, अशीही सोय बहुधा तेथेच सापडते. आरंभासाठी हे आकडे पुरेत. पुढे ज्याने त्याने आपल्या यंत्राप्रमाणे बदलावेत.

हवेची वाटही तपासावी. पंखा आणि पेटीची जाळी यांत बोटभर अंतर राहिले, तर पंखा पेटीतलीच तापलेली हवा पुन्हा पुन्हा ओढतो. त्या फटीभोवती मऊ फोमची कडी बसविली की तो बाहेरची हवा घेऊ लागतो. मात्र पंखा जाळीला अगदी चिकटला तर शिट्टीसारखा सूर निघतो, तोही टाळावा. पेटी भिंतीपासून वीतभर दूर असावी. बंद कपाटात तर ती कधीच ठेवू नये. खाली सतरंजीची घडी घालू नये, पोटाकडची छिद्रे बुजतात. रबराचे चार पाय लावावेत, म्हणजे लाकडी मेज थरथरणार नाही. वाळ्याच्या ताट्यांच्या कूलरने खोली गार झाली, तर यंत्रालाही त्याचा लाभ होतो; परंतु कूलरच्या ओल्या झोतासमोर पेटी ठेवू नये.

पंखाच नको, असे म्हणणाऱ्यांसाठी एक जुनी हकीकत सांगतो. ॲपल कंपनीने १९८० मध्ये ‘ॲपल थ्री’ हा संगणक पंख्यावाचून काढला. तापण्याच्या आणि बांधणीच्या तक्रारी इतक्या झाल्या, की यंत्र काही इंच उचलून मेजावर आदळावे, म्हणजे सैल झालेले भाग बसतील, असा सल्ला ग्राहकांना दिला गेल्याचे सांगतात. १९८४ चा ‘मॅकिंटॉश’ही बिनपंख्याचा होता, १९८७ च्या ‘मॅकिंटॉश एसई’मध्ये मात्र पंखा आला. थोडा आवाज हे उष्णता वाहण्याचे भाडे आहे. ते वाजवी असावे, एवढेच आपल्या हाती आहे.

नातवास आमचे सांगणे असे, की एका वेळी एकच बदल करावा, आणि वही घालून खोलीचे तापमान, प्रोसेसरचे तापमान, वॅट आणि पंख्याचे फेरे टिपावेत. प्रत्येक वेळी तोच खेळ अर्धा तास खेळून पाहावा. जो आकडा लिहिला नाही, त्याच्यावर घरात वाद घालू नये. वडिलांस सांगणे असे, की यंत्र विकण्यापूर्वी मुलाला या वहीसाठी एक महिना द्यावा. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला याहून चांगली प्रयोगशाळा घरात मिळायची नाही. आणि वहीतले आकडे उतरल्यावरही जो आवाज उरेल, त्यासाठी आजींच्या निजण्याची वेळ हीच खेळाची मर्यादा ठरवावी. ती बायॉसमध्ये घालता येत नाही. ती नातवानेच पाळावयाची आहे.

जाळीवरची धूळ वर्षातून दोनदा काढावी : एकदा दिवाळीच्या साफसफाईत, आणि एकदा पाडव्यापूर्वी, लू सुरू होण्याच्या आधी. वीज तोडून, पंख्याचे पाते बोटाने धरून, मऊ कुंचल्याने काढावी. एवढे करून जर पूर्वीपेक्षा तापमान चढतच राहिले, तर हीटसिंक उचलून जुनी थर्मल पेस्ट पुसावी आणि वाटाण्याएवढी नवी लावावी. पाण्याच्या यंत्रणेचे पैसे तूर्त बँकेतच राहू द्यावेत.