वाढत्या अंगाची सायकल नको!

दोस्तांनो,

या आठवड्याच्या टपालात साताऱ्याच्या एका ताईचं पत्र आहे. ताई सातवीत आहे आणि तिचा धाकटा भाऊ आहे साडेपाच वर्षांचा. ती लिहिते :

"काका, माझ्या भावाला वाढदिवसाला सायकल घ्यायची आहे. बाबा म्हणतात, २० इंची घेऊ, म्हणजे चौथीपर्यंत बघायला नको. आजी म्हणते, बाजूला छोटी चाकं लावलेलीच घ्या. दुकानदार म्हणतो, बास्केट आणि शॉकअपवाली न्या, सगळे तीच नेतात. भाऊ म्हणत होता, लाल घ्या. पण परवा शेजारच्या दादाच्या मोठ्या सायकलवरून तो पडला. तेव्हापासून सगळे त्याला घाबरट म्हणतात. आता तो म्हणतो, मला सायकलच नको. मी काय करू?"

पत्र वाचून आधी मला हसू आलं. मग मात्र मी गप्प झालो. कारण ताईचे बाबा जी चूक करायच्या बेतात आहेत, ती मी पूर्वीच करून बसलोय!

गोष्ट २००८ सालची. माझा भाचा पाच वर्षांचा झाला. मामाने सायकल द्यायची, असं ठरलं. मी ऐटीत त्याला घेऊन दुकानात गेलो आणि २० इंची सायकल घेतली. म्हटलं, पोरं काय, बघता बघता वाढतात. शाळेचा गणवेश नाही का आपण वाढत्या अंगाचा शिवत? हात दुमडले, उंची आत घातली, की झालं!

पण सायकलच्या बाह्या दुमडता येत नाहीत. सीट अगदी खाली केली तरी भाच्याचे पाय हवेतच. मी मागून सीट धरून पळायचो, तो वर बसून रडायचा. सोडलं की धप्पकन पडायचा. दोन आठवड्यांत त्याच्या सबबी सुरू झाल्या. "मामा, उद्या." "मामा, पाय दुखतोय." "मामा, अभ्यास आहे." पाच वर्षांच्या पोराला कसला आलाय अभ्यास! शेवटी सायकल जिन्याखाली गेली. आणि मी पाहुण्यांसमोर हसत हसत सांगायचो, "आमचा भाचा जरा भित्राच आहे हो."

मग दिवाळीच्या सुट्टीत वाड्यात एक छोटी मुलगी आली. तिच्याकडे जुनी, गंजकी, १४ इंची सायकल होती. तिने भाच्याला एक चक्कर देऊ केली. तो बसला, तर दोन्ही पाय जमिनीला पुरले! आधी तो नुसता पायांनी ढकलत ढकलत फिरला. मग हळूच पाय उचलले. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला स्वारी पायडल मारत अंगणात गोल गोल फिरत होती. उतरला आणि माझ्यासमोर येऊन म्हणाला, "मामा, मी भित्रा नव्हतो. ती सायकलच मोठी होती."

बालमित्रांनो, त्या दिवशी मामाचे कान चांगलेच लाल झाले! म्हणून आज ताईच्या निमित्ताने आपण सगळेच शिकू या, पहिली सायकल कशी निवडायची ते.

आधी पाय मोजा

१२ इंची, १४ इंची, १६ इंची, २० इंची असं आपण म्हणतो. हा आकडा चाकाचा असतो, सायकलच्या उंचीचा नव्हे. दोन कंपन्यांच्या १६ इंची सायकली शेजारी उभ्या करा. एकीची सीट दुसरीपेक्षा चांगली चार बोटं उंच निघू शकते. म्हणून नुसत्या आकड्यावर जायचं नाही आणि नुसत्या वयावरही नाही. एकाच वर्गात केवढी उंच आणि केवढी बुटकी मुलं असतात, बघा की!

मग काय करायचं? भावाला अनवाणी भिंतीला टेकून उभं करा. दोन्ही पायांच्या मध्ये एक जाड पुस्तक आडवं धरा आणि ते वर, अगदी मांड्यांच्या सांध्यापर्यंत सरकवा. पुस्तकाच्या वरच्या कडेजवळ भिंतीवर पेन्सिलने खूण करा. (आई ओरडणार नाही अशी भिंत निवडा!) खुणेपासून जमिनीपर्यंतचं अंतर टेपने मोजा. ही झाली पायाची आतल्या बाजूची उंची.

आता हा आकडा आणि टेप घेऊन दुकानात जा. सायकलची सीट पार खाली करायला सांगा आणि जमिनीपासून सीटच्या वरच्या भागापर्यंत मोजा. हे माप पायाच्या मापाइतकं किंवा थोडं कमी हवं. म्हणजे सीटवर बसल्यावर दोन्ही पाऊलं जमिनीवर सपाट टेकतात. टाचा उचलून नाही हं, सपाट! शिकणाऱ्याला दर मिनिटाला पाय टेकावे लागतात. पाय पुरले की भीती निम्मी पळते. एकदा सायकल येऊ लागली, की सीट थोडी थोडी वर घ्यायची. सीटच्या दांडीवर एक खूण असते. ती खूण बाहेर दिसेल इतकी दांडी मात्र वर ओढायची नाही, नाहीतर ती डुगडुगते आणि निसटू किंवा मोडू शकते.

मग वजन करा

आता एक गणित. मुलाचं वजन १७ किलो आणि सायकलचं १० किलो. आपल्याकडच्या लोखंडी १६ इंची सायकली बऱ्याचदा ९-१० किलोंच्या असतात. याच हिशेबाने ६० किलोंच्या बाबांना केवढी सायकल द्यावी लागेल? सुमारे ३५ किलोंची! आणि बाबांची जुनी दणकट काळी सायकलसुद्धा साधारण २० किलोंचीच असते. आता सांगा, छोट्याचे पाय दुखले तर ती सबब म्हणायची का?

सायकलचं वजन मुलाच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या जवळपास असलं, तर फारच छान. निम्म्याच्या वर जायला लागलं, तर दुसरी सायकल बघा. वजन करणं सोपं आहे. घरच्या काट्यावर आधी बाबांनी नुसतं उभं राहायचं, मग सायकल उचलून उभं राहायचं. दोन आकड्यांची वजाबाकी तुम्ही करा.

आणि इथेच बास्केट, कॅरियर, पाठीला टेकू, शॉकअप, जाडजूड टायर यांची खरी किंमत कळते. यातली प्रत्येक वस्तू वजन वाढवते. सोसायटीच्या आवारात फिरणाऱ्या साडेपाच वर्षांच्या स्वाराला शॉकअपचा काडीचाही उपयोग नाही. गियरही अजून नकोत. घंटी मात्र हवीच. तिच्याशिवाय सायकल चालवण्यात मजा काय?

हात पुरतात का?

साताऱ्यासारख्या चढ-उताराच्या गावात तर ही परीक्षा सगळ्यात महत्त्वाची. भावाला सीटवर बसवा आणि ब्रेक दाबायला सांगा. स्वतःच्या बोटांनी, स्वतःच्या जोराने. बोटं ब्रेकच्या दांडीपर्यंत पोचत नसतील, तर ती दांडी आत घ्यायचा छोटा स्क्रू पुष्कळ सायकलींना असतो. दुकानदाराला विचारा. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला. चाक थांबलं पाहिजे. मग मागचाही असाच बघा. दुकानदार स्वतःच्या दणकट हाताने ब्रेक दाबून "बघा, कसा करकचून लागतो" म्हणाला, तर ते पास झालं असं समजू नका. परीक्षा छोट्याची आहे, दुकानदाराची नाही!

आणखी चार गोष्टी पटापट बघून घ्या :

१. चाक उचलून गरकन फिरवा. ते डावी-उजवीकडे डुलत असेल, तर चाक आऊट आहे. घरी नेण्याआधी तिथेच आऊट काढून घ्या.

२. हँडलच्या मुठींची टोकं बंद आणि जाड रबराची हवीत. पडताना उघडी नळी पोटात लागली, तर मोठी इजा होऊ शकते.

३. चेनकव्हर पूर्ण हवं. नाहीतर पायजम्याची आणि बुटाच्या नाडीची खैर नाही.

४. टायर हवा भरायचे घ्या. पंक्चर होत नाही म्हणून काही सायकलींना भरीव टायर लावतात, पण त्यांच्यावर हादरे फार बसतात.

या हवेच्या टायरची गंमत ठाऊक आहे? बेलफास्ट शहरात जॉन डनलॉप नावाचे गुरांचे डॉक्टर होते. त्यांच्या मुलाच्या तीनचाकी सायकलला भरीव टायर होते आणि दगडी रस्त्यावर ती फार खडखडायची. म्हणून डनलॉप यांनी रबराच्या नळीत हवा भरून ती चाकावर बसवली. १८८८ साली त्यांनी तिचं पेटंट घेतलं. थोडक्यात काय, एका बापाने मुलाची तक्रार ऐकली आणि त्याचा फायदा सगळ्या जगाला झाला!

छोटी चाकं हवीत की नकोत?

आजींची काळजी बरोबर आहे, पण उपाय तेवढा बरोबर नाही. सायकलचा तोल कसा सावरतो? आपण ज्या बाजूला कलतो, त्या बाजूला हँडल किंचित वळवतो, म्हणून. बाजूची चाकं सायकलला कलूच देत नाहीत. मग मूल पायडल मारायला शिकतं, पण तोल शिकत नाही. चाकं काढली, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात!

त्यापेक्षा उलटं करा. चाकं राहू द्या, पायडल काढा! पान्हा घेऊन बाबांना मदतीला बोलवा. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. म्हणून एक सोपी खूण लक्षात ठेवा : पान्हा वरच्या दिशेला उभा धरा आणि मागच्या चाकाकडे ओढा. दोन्ही पायडल असेच सैल होतात. आता मोकळ्या, सपाट जागेत छोट्याला पायांनी ढकलत फिरू दे. लांब लांब ढांगा टाकून तो पाय उचलून धरायला लागला, की समजा तोल आला. मग पायडल परत बसवा. डावं डावीकडे आणि उजवं उजवीकडेच, बरं का!

यात नवीन काहीच नाही. जर्मनीतल्या मॅनहाइम शहरात १२ जून १८१७ रोजी कार्ल ड्राइस यांनी आपली दोनचाकी रस्त्यावर काढली, तेव्हा तिला पायडल नव्हतेच. जमिनीवर पाय मारत ते पुढे गेले. पायडलवाल्या सायकली पॅरिसमध्ये गाजू लागल्या त्या १८६० नंतर. म्हणजे साऱ्या जगाने आधी तोल शिकला आणि पायडल मागाहून मारले. मग तुमच्या भावाने तसं केलं तर काय बिघडलं?

शिकताना डोक्यावर हेल्मेट हवं. भुवयांच्या वर दोन बोटं बसेल असं, आणि पट्टा बांधलेला. रस्त्यावर नाही, आवारात किंवा मैदानातच शिकायचं.

आता थोडं आई-बाबांशी

आई-बाबा, तुम्ही म्हणाल, "काका, छोटी सायकल दीड-दोन वर्षांत लहान होणार. पैसे काय झाडाला लागतात?" अगदी रास्त बोललात. पण मी घेतलेली मोठी सायकल दोन वर्षं जिन्याखाली गंजली, ती स्वस्त पडली का?

पहिली सायकल नवीच हवी, असं कुठे आहे? मुलं ती वापरून संपवत नाहीत, तिच्यापेक्षा मोठी होतात. त्यामुळे चांगल्या जुन्या सायकली आत्याकडे, मावशीकडे, शेजारी कुठे ना कुठे पडून असतातच. जुनी घेताना नळ्यांच्या जोडांवर तडा किंवा खोल गंज नाही ना, ते बघा. नव्याने रंग मारला असेल, तर जोड जास्तच नीट तपासा. टायरला भेगा असतील तर टायर बदला, ब्रेकचं रबर नवं टाका, चेनला तेल द्या. आणि आपली झाली, की पुढच्या घरी पाठवा. आमच्या वाड्यातल्या त्या १४ इंची सायकलवर माझ्या डोळ्यांदेखत पाच पोरं शिकली.

आणि एक विनंती. "घाबरट" हा शब्द तेवढा मागे घ्या. सायकल मागाहून बदलता येते, पण असं नाव एकदा चिकटलं, की ते मुलाला फार दिवस खरं वाटत राहतं.

तर साताऱ्याच्या ताई, काय करायचं ते आता कळलं ना? आधी टेप शोध. भावाचा पाय मोज, आकडा कागदावर लिही आणि तो कागद बाबांच्या हातात दे. आकड्यापुढे बाबांचंसुद्धा चालत नाही! मापात बसणाऱ्या सायकलींमधून रंग मात्र भावालाच निवडू दे. लाल असली तर लाल. सायकल त्याची आहे.

आणि तो पहिल्यांदा पाय उचलून दहा पावलं गेला, की लगेच मला पत्र टाक. वाट बघतोय.

बाकीच्या दोस्तांनी या आठवड्यात आपल्या घरातल्या सायकलची सीट, ब्रेक आणि चाकं तपासायची. काय सापडलं ते कळवा हं!

तुमचा,
काका